मागच्या खोलीचं छप्पर

सोमवार, ३ मार्च

ठरलं! गुरुवारी माणूस येणार, मागच्या खोलीचं गळकं छप्पर तपासायला. नवऱ्याने परस्पर फोनसुद्धा करून टाकला. "छप्पर धड निघालं की आईला घेऊन येऊ. कायमची." हे जेवता जेवता सांगितलं, जरा मीठ दे म्हणावं तसं.

मागची खोली म्हणजे माझी खोली. माझं पडदे शिवायचं मशीन, लांब टेबल, कापडाचे तागे, सगळं तिथे. घरात दुसरी मोकळी खोली नाही. म्हणजे सासूबाई आत, मशीन बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, ते कुणी बोललंच नाही. सासूबाई वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर साधा कांदा चिरायला घेतला तरी माझी सुरी चुकीची असते!

इथे खरं लिहिते — छप्पर खराब निघू दे. त्याची पार चाळण झालेली असू दे.

मंगळवार, ४ मार्च

सासूबाईंचा फोन. "छप्पर बघून गेले का?" गुरुवारी येणार म्हटलं. "बरं. काय निघतं ते मला आधी कळव हं." केवढी ती घाई! सामान बांधूनच बसल्यात बहुतेक.

बुधवार, ५ मार्च

नवरा कामावरून आला तो रंगाचा डबा घेऊनच. खुर्चीवर चढून छतावरचा ओलीचा डाग रंगवून टाकला! का, तर "उद्या परका माणूस येणार, बरं दिसत नाही." अरे, तो छप्पर बघायला येतोय की आपली टापटीप? पण सांगणार कुणाला! पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, ६ मार्च

माणूस नाही, बाई आल्या! पन्नाशीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात ही एवढी बॅटरी.

मला वाटलं, आल्या आल्या शिडी लावतील. छे! आधी प्रश्न. छप्पर किती जुनं? मधे कुणी हात लावला होता का? पाणी सरळ पावसात येतं की वाऱ्याच्या पावसात? (वाऱ्याच्या! पण हे मी कधी जोडूनच बघितलं नव्हतं.) मग माळ्यावर चढल्या. मीही मागोमाग. शिवण पडलं होतं तसंच टेबलावर राहिलं. वर गेल्यावर त्यांनी बॅटरी विझवली. "आता वर बघा. कुठे उजेड डोकावतोय?" डोळे ताणताणून बघितलं. एक ठिपका नाही. मग वासे टोचून बघितले, लाकूड मऊ पडलंय का म्हणून. टणक! माझी आशा चालली.

खाली येऊन म्हणाल्या, "डाग दाखवा." नवरा ऐटीत — "कालच रंगवला!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो साहेब, साक्षीदारच गायब केलात की! तपासणीच्या आधी काही पुसायचं नाही, झाकायचं नाही. डागाच्या आकारावरून पाण्याची वाट कळते. आता कौलं उतरवून शोधावं लागेल. मोठं काम."

मोठं काम! म्हणजे सासूबाई इतक्यात येत नाहीत. मी फक्त गप्प राहायचं होतं. पण आकारावरून कसं कळतं? राहवेना ना! टेबलावर चढले, शिवणाचा निळा खडू घेतला आणि पांढऱ्या छतावर अख्खा डाग काढून दाखवला. मशीनवर मान आखडली की वर बघते मी, त्या डागाची कड न् कड मला पाठ. भिंतीकडे निमुळता, मधे फुगलेला, आत एकात एक रेघा.

"वा वहिनी! या रेघा म्हणजे पाणी आलं, वाळलं, परत आलं. आणि टोक भिंतीकडे. कौलांचा दोष नाही हा. भिंत आणि छप्पर जिथे जुळतं ना, तिथला पत्रा बघते." आणि आम्ही गेल्या वर्षी बरोबर डागाच्या डोक्यावरची कौलं बदलून घेतली होती. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

मग कुठे शिडी. थोड्या वेळाने वरून हाक — "सापडलं! सरकलाय पत्रा!" मी खाली टाळ्या पिटल्या. टाळ्या! मग डोक्यात प्रकाश पडला, आपण काय करून बसलो ते.

"एका दिवसाचं काम. बाकी छप्पर ठणठणीत. फोटोंसकट अहवाल पाठवते," म्हणून बाई गेल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. "आईसाठी किती धडपडलीस गं!" मी तोंड लपवायला कापडाच्या घड्या घालत बसले.

शुक्रवार, ७ मार्च

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा! आणि तरी दिवसभर लोकांची छपरं बघत हिंडले. समोरच्यांची पन्हळ वाकडी आहे.

शनिवार, ८ मार्च

अहवाल आला. सरकलेल्या पत्र्याचा फोटो काय स्पष्ट आहे! चारदा बघितला. नवरा मागच्या खोलीत पलंगासाठी मापं घेतोय, शीळ घालत.

दुपारी मशीनवर डोकं ठेवून रडले. मला खोली हवी आहे, एवढंच. पण तोंड उघडलं की त्याला ऐकू येणार — तुझी आई नको. आणि असलं वाक्य एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही.

रविवार, ९ मार्च

सासूबाईंचा फोन. "तो जवळपास आहे का?" आंघोळीला गेलाय म्हटलं. मग एकदम हळू आवाजात — "छप्पर कसंही निघालेलं असो, वाईट निघालं असंच सांगशील का गं त्याला? मला नाही यायचं. इथे छान चाललंय माझं. पण त्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही."

मी नाचायला हवं होतं. आणि बोलले काय, तर चक्क फणकाऱ्याने — "का? आमच्याकडे काय वाईट आहे?"