दोन मोतीराम

नाशिक, २५ मे २०२५

प्रिय ललित,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. सोळा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे बरे आहेत आणि मी तर फारच मजेत आहे. मधल्या वर्षांबद्दल काही लिहावं म्हणून दोन कागद फाडले. आता ठरवलंय, गेल्या महिन्यात काय झालं तेच सांगते.

कॉलेजातल्या अकरा मुलांना घेऊन मी इटलीला जाऊन आले. सहल अभ्यासाची, विषय दुसऱ्या महायुद्धातल्या रणभूमी. मराठा पलटणी एप्रिल पंचेचाळीसमध्ये सेनियो नावाच्या नदीवर लढल्या, ती नदी बघायची होती. आपल्या गोदेपुढे ती ओढाच वाटते. दोन्ही काठांना मात्र उंच मातीचे बांध आहेत, आणि ते बांध ओलांडतानाच माणसं गेली. मी मुलांना तिथे उभं करून हे सांगत होते, तर अमोलचं लक्ष भलतीकडेच. त्याच्या वडिलांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. बांधाखालच्या वेलींकडे बघून तो कळवळून म्हणाला, "मॅडम, यांची खरड छाटणी राहिलीय की! एप्रिल संपला!" मग अर्धा तास तो तिथल्या शेतकऱ्याला हातवारे करून छाटणी शिकवत होता, आणि तो शेतकरी त्याला. तिकडे आपल्यासारखं दोनदा नाही, वर्षातून एकदाच छाटतात, हे ऐकून अमोल दोन दिवस सुन्न होता. मी रागवायला हवं होतं का? डायरीत तसा प्रश्न लिहिलाय, पण उत्तर लिहिताना हसूच आलं.

आता वेदिकाबद्दल सांगते. ही नामपूरची पोर, घरी कांद्याचा व्यापार, वर्गात पहिल्या बाकावर. तिच्या आजीचे, नवसाबाईंचे, वडील मोतीराम सावंत याच लढाईत गेले. नवसाबाई तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. तार आली, पण त्यांच्या आईने ती मानली नाही. माणूस बघितला नाही, राख बघितली नाही, मग कागदावर कसा विश्वास ठेवायचा? ती माउली शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. तुला माहीतच आहे, तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. भाऊ नाही, म्हणून आई गेल्यावर बापाची घागर नवसाबाईच भरू लागल्या. पण दर वर्षी भरताना हात जोडून म्हणायच्या, बापा, जिता असशील तर राग धरू नको. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आपला बाप गेला की नाही हेच पक्कं ठाऊक नाही! तेव्हा त्यांनी नातीला एवढंच सांगितलं होतं, "दगडवर नाव शे का नही, तेवढं देखी ये."

जाण्याआधी मी इंटरनेटवरची नोंदवही तपासली होती. 'मोतीराम सावंत' सापडलं. मी स्वतः नामपूरला जाऊन नवसाबाईंना तसं सांगून आले. त्या दिवशी डायरीत 'सापडले' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

भारतीय सैनिकांची ती स्मशानभूमी एका गावाबाहेर आहे. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं तिथल्या एका दगडी भिंतीवर कोरलेली आहेत. आम्ही पोचलो तो नेमका आखाजीचा दिवस, म्हणजे तसा बेत वेदिकानेच तारखा बघून माझ्याकडून करून घेतला होता. तिने बॅगेतून लहानशी घागर काढली. फुटू नये म्हणून मोज्यांत गुंडाळलेली, आणि आत पुन्हा मोज्यांत गुंडाळलेल्या सांजोऱ्या! विमानतळावर तपासनिसाने घागर उलटीसुलटी करून बघितली तेव्हा ही म्हणाली, "ग्रँडफादर्स वॉटर." त्याने काय समजून सोडलं कुणास ठाऊक. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने आपल्या झारीने घागर भरून दिली आणि टोपी काढून आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. वेदिकाने नाव शोधलं, त्यावर कपाळ टेकवलं, मग घरी व्हिडिओ कॉल लावला. नामपूरला कांद्याच्या चाळीसमोर सगळी गल्ली गोळा झाली होती. नवसाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि फोनलाच डोकं टेकवलं, तसा फोन बंद पडला. आम्ही रडत होतो आणि हसतही होतो. माळी सगळ्यांत जास्त रडला. मग त्याने दोन सांजोऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर वेळ होता, म्हणून स्मशानभूमीतल्या नोंदवहीच्या पानांचे मी काढलेले फोटो नीट वाचले. तू मला चिडवायचास ना, शुभांगी तळटीप वाचल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही म्हणून? तर ऐक. भिंतीवर नुसतं नाव असतं, नोंदवहीत नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. इंटरनेटवर नाव दिसल्याच्या आनंदात मी ती ओळ उघडलीच नव्हती. मोतीराम सावंत, विठू सावंतांचा मुलगा, कलाबाईचा नवरा, गाव आंबेरी, जिल्हा रत्नागिरी. हा माणूस आमचा नव्हताच! आणि त्याच्या लगेच वर होतं, मोतीराम पुंजा, पुंजाचा मुलगा, गाव नामपूर, जिल्हा नाशिक. मृत्यू दहा एप्रिल एकोणीसशे पंचेचाळीस. आपण आडनाव शोधत बसलो, आणि त्या पोराला भरतीच्या वेळी पूर्ण नाव विचारलं तेव्हा त्याने गावात सांगतात तसं आपलं नि बापाचं सांगितलं होतं. बाप खरा तिथेच होता, एका ओळीच्या अंतरावर. सगळं गाव मात्र परक्या माणसाच्या पाया पडलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

वेदिकाला तिथल्या तिथे सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आजीला नका ना सांगू. ती कालपासून गल्लीत मिरवतेय. बाप शेवटी तिथेच आहे ना, काय फरक पडतो?" पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा दिवस मी दोन्ही बाजूंनी डायरी भरली. सांगितलं तर म्हातारीचा आनंद मोडेल. न सांगितलं तर तिच्याजवळचं नाव चुकीचं राहील, आणि ऐंशी वर्षं तिने तेवढंच तर मागितलं होतं. माझी चूक झाकली जाते म्हणून मला वेदिकाचं पटतंय का, हा प्रश्न लिहिला आणि दुसऱ्या दिवशी नामपूरला जायला सटाण्याची एसटी धरली.

अंगणात बसून सगळं सांगितलं. फोटोतल्या दोन्ही ओळी बोटाने दाखवल्या. नवसाबाईंनी मला 'पुंजा' तीनदा वाचायला लावलं. मग हसायलाच लागल्या, खांदे हलवून. "आजलानं नाव सांगं व माय त्यानी! मनाच बाप शे तो!" बापाने आडनाव सांगितलं असतं तर नवसाबाईंचा जीव कदाचित अजूनही टांगलेला राहिला असता. सावंत काय, ढीगभर असतात. पण पुंजाचा मोतीराम नामपुरात एकच होता. आपल्याच आजोबांचं नाव परदेशातल्या नोंदवहीत बघून त्यांची खात्री पटली. मी माफी मागत होते, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मलाच दटावलं, "दोन्ही जोडे शेत ना? मंग तू कसाले रडस? त्या दुसराले कोन्ही फूल वाहेल नव्हतं, ते बी व्हई गयं." दोघं शेजारी तर आहेत, त्या दुसऱ्यालाही कुणाचं तरी फूल मिळालं, हे त्यांचं म्हणणं. आणि आमरसाची वाटी पुढे केली. इतका गोड आमरस मी आयुष्यात खाल्ला नाही.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आते त्याना घरनास्ले सांगी दे. त्यास्नी बी तार मानी नसई." त्या दुसऱ्या मोतीरामच्या घरच्यांना कळव, त्यांनीही तार मानली नसेल. हे मला सुचायला हवं होतं. तेव्हाच्या रत्नागिरीचा दक्षिण भाग म्हणजे आता तुझा सिंधुदुर्ग, आणि आंबेरी तुझ्या कुडाळहून फार लांब नाही, नकाशा बघितलाय. सैनिक कल्याण कार्यालयाला रीतसर अर्ज केला आहे, तो त्याच्या गतीने जाईल. पण कुणाच्या तरी दारात जाऊन हे सांगायला माणूस हवा, आणि तो माणूस कोण, हे मला एसटीतच ठाऊक होतं. सोबत तीन फोटो पाठवते: भिंत, नोंदवहीची ओळ आणि त्या नावावर कपाळ टेकवलेली एक मुलगी. विठू सावंतांचं घर विचार. कलाबाईंचं कुणी भेटलं तर सांग, तुमचा माणूस सापडला, आणि नामपूरच्या एका लेकीने त्याला पाणी दिलं. रविवारी जमेल का?

तुझीच,
शुभांगी