आठ पायांचं मांजर

आई,

"ठकीच्या चित्राला खोडरबर लावू नकोस, हात आखडेल तिचा," असं तुम्ही म्हणाला होतात आणि मी ते हसण्यावारी नेलं. वर्गात वीस मुलांना कार्टून काढायला शिकवते मी, मला काय सांगता, असं मनात आलं होतं.

काल ठकीने मांजर काढलं. डोकं गोल, कान त्रिकोणी, सगळं मी शिकवलं तसंच, पण पाय आठ. मी चार खोडून टाकले. ती एवढंच म्हणाली, "अगं, ते पळत होतं." तेव्हापासून तिने पेन्सिलीला हात लावलेला नाही. सकाळी कागद पुढे केला तर म्हणते, "तूच काढ, तुला येतं."

दुपारी तुम्हा दोघींचा डोळा लागला होता, म्हणून न उठवता वर्गाला निघाले. दूध ओट्यावर आहे, तेवढं कोमट करून द्या.

टेबलावर मी आठ पायांचं मांजर काढून ठेवलंय. शेपटी मुद्दामच काढलेली नाही. ती उठली की तिला काही विचारू नका, कौतुकही नको. फक्त दाराआडून बघा, शेपटी काढते का, आणि मला तेवढा फोन करा.