देठ खुडताना वाचायची खोली

माझ्या हाताने झालेल्या वस्तू आधी नमूद करतो, म्हणजे वाटणीच्या वेळी "हे कुठून आलं?" असं कोणी विचारायला नको. राहत्या घराचे चारही दरवाजे, बाभळीचे. माळ्याची शिडी. दोन खाटा, विणीसकट. परसातली चूल. पुस्तकांचं कपाट, निंबाच्या फळ्यांचं, कारण निंबाला वाळवी सहज लागत नाही. आणि रस्त्याकडच्या पाच गुंठ्यांत वाचायची खोली, पायापासून पत्र्यापर्यंत, पुढच्या ओट्यासह. गवंडीकाम आणि सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही. शाळा सातवीला सुटली. पाहत गेलो, चुकत गेलो, वाचत गेलो.

मी, कुंदन बन्सीलाल माळी, वय छप्पन, धंदा शेती, राहणार रनाळे, तालुका जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे, कालच गव्हाला पाणी भरून आलो. कोणाचा दाब नाही. नशा फक्त चहाची. मरणाची घाई नाही, पण रस्ता रुंद झाला, खोलीच्या जागेला गिऱ्हाईक आलं आणि घरात दोन मतं झाली. मी समोर असलो की मतं हळू बोलतात. मी नसलो की ओरडतील, म्हणून आजच लिहितो.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी शीला हिची. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना सारखी. माझी आई कौसाबाई हिची खाट पूर्वेच्या ओट्यावर आहे ती तिथेच राहील. थंडीत सकाळचं ऊन सगळ्यात आधी तिथे येतं, ओटा त्याचसाठी त्या बाजूला बांधला. घर रंगवताना खाट हलवली तर संध्याकाळपर्यंत जागेवर यावी.

कलम २. विहिरीकडचं शेत मुलगा धर्मेंद्र याला. तो नवापूरला पोल्ट्रीत सुपरवायझर आहे आणि स्वतःचं शेड टाकायचं त्याच्या मनात आहे. जरूर टाकावं, पण वारा पाहून. पश्चिमेकडे टाकलंस तर सगळा वास आजीच्या खाटेवर येईल आणि मग तुझं तू पाहा. नाल्यापलीकडचं शेत मुलगी स्वप्नाली हिला. ती धडगावला नर्स आहे, शेत बटाईने लावेल, पण बांधावरचा आंबा तिने कोणाला देऊ नये. उन्हाळ्यात त्याखाली खाट टाकून वाचण्यासारखं सुख मला दुसरं ठाऊक नाही.

कलम ३. हत्यारं सगळी स्वप्नालीला. यात पक्षपात नाही. ती रंधा मारते तेव्हा फळी आरशासारखी होते, धर्मेंद्र मारतो तेव्हा फळीवर लाटा येतात. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा ओळंबा मात्र या यादीत नाही. तो चुलतभाऊ ललित याने घर बांधताना नेला, तो आजतागायत दिला नाही. त्याच्याकडून परत मागू नये. त्याची पडवी पाहता त्याची गरज अजून संपलेली नाही.

कलम ४. आता खोली.

मिरची वाळली की आमच्याकडे बाया देठ खुडायला बसतात. बोटांची आग होते, नाक झोंबतं आणि काम काही सरत नाही. मी लहान असताना आई मला मधोमध बसवून म्हणायची, "तू वाच रे भाऊ, मन्हा हात आपेआप चालतस." वाचणाऱ्याने देठ खुडायचे नाहीत आणि भाजलेल्या शेंगा पहिल्यांदा त्यालाच, हा तेव्हाचा नियम. वाचायला मासिकं असत ती माझा मित्र मुनव्वर याच्या वडिलांच्या रद्दीच्या दुकानातली. ते पुड्या बांधायला मागून पानं फाडत, त्यामुळे एकाही गोष्टीला शेवट नसायचा. ऐन रंगात गोष्ट तुटायची. बाया विचारायच्या, "मंग काय व्हयनं?" मग ज्याचा त्याने शेवट लावायचा. त्यावरून भांडणं व्हायची, मिरच्या बाजूला राहायच्या. आईच्या शेवटात हरवलेलं माणूस दिवेलागणीपर्यंत घरी यायचंच. मुनव्वर अजून म्हणतो, "कुंदनभाऊ, अब्बाने पिछले पन्ने की पुडी बांधी, इसलिए तुम्हारी खोपडी चली."

त्या बायांसाठी मी खोलीपुढचा ओटा बांधला आणि त्या मासिकांसाठी, पुढे जमलेल्या पुस्तकांसाठी खोली. हिवाळ्यात आजही देठ खुडताना तिथे कोणीतरी वाचतं. दोन्ही मुलं तिथेच वाचायला शिकली.

गिऱ्हाईक येऊन गेल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "आप्पा, त्या खोलीमा काय पिकस?" आई मिरच्या पाखडत होती. म्हणाली, "तू पिकना ना तठे. आखो काय पाहिजे?" तो हसला, पण शेडच्या खर्चाचं त्याचं म्हणणं खोटं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

खोली कधीही विकू नये, अशी अट मी पहिल्या मसुद्यात घातली होती. वकिलांनी ती काट मारून काढली. म्हणाले, अशी अट कायद्यात टिकत नाही. ठीक. खोली आणि पाच गुंठे धर्मेंद्र आणि स्वप्नाली दोघांच्या नावे करतो, म्हणजे एकाच्या सहीने विक्री होणार नाही, एवढीच हुशारी ठेवली आहे. पुढची अट नाही, विनंती आहे. विकायचीच झाली तर आधी एक हिवाळा दोघांनी ओट्यावर बसून आळीपाळीने वाचावं. त्यानंतर जे ठरवाल ते मला मान्य.

फाटकी मासिकं टाकू नयेत. साक्षीदाराला काही ठेवू नये असं मी वाचलं आहे, म्हणून मुनव्वरला माझी दुसरी खाट जिवंतपणीच देऊन टाकली.

ठिकाण: रनाळे, वाचायच्या खोलीचा ओटा
दिनांक: २१ डिसेंबर २०२५
लिहून देणार: कुंदन बन्सीलाल माळी (सही)
माझ्या डोळ्यांदेखत सह्या करणारे:
१. मुनव्वर शेख, रद्दीचे दुकान, नंदुरबार (सही)
२. दलसिंग वळवी, शेजारचे शेतकरी, रनाळे (सही)

ता. क. सह्या झाल्यावर हे सगळं ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "गिऱ्हाईक किती पैसा दी ऱ्हायंता, ते लिखंच नही. तू बी शेवटनं पान पुडीले दिधं का रे भाऊ?" बाया हसल्या. मुनव्वर खाली पाहू लागला. मी धर्मेंद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, "लिखा आप्पा. उद्या मन्हा पोऱ्या इचारतीन, तं काय सांगू?" एवढं बोलून त्याने हातातलं मासिक उघडलं आणि बायांना विचारलं, कुठून वाचू.

म्हणून लिहितो, आणि याखाली दोन्ही साक्षीदारांच्या पुन्हा सह्या घेतो. रस्त्याकडेला हॉटेल टाकणाऱ्या एका इसमाने पाच गुंठे मागितले, खोली स्वतःच्या खर्चाने पाडून नेण्याच्या बोलीवर. मी नाही म्हटलं. भाव कमी आला म्हणून नाही. देऊ केलेली रक्कम रुपये २६,००,०००/-, अक्षरी सव्वीस लाख फक्त.