भज्यांच्या गाडीपाशी लागलेला गोटा

पांढुर्णा,
गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९८६

चि. दिलीप यास फुलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी, मालतीची आणि लेकरांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आता खरं काय ते वाच, आणि हे पत्र तुझ्या फार्मसी कॉलेजात कोणाला दाखवू नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकत होते, आणि तुझे भाऊजी ती गोटमार पाहायला गेले होते. खेळायला नाही, पाहायला. पोळ्याला बैल ओवाळताना मला तसं वचन दिलं होतं (बैल साक्षीला आहेत). ते पाळलंही, नदीत उतरलेच नाहीत. मागे भज्यांच्या गाडीपाशी द्रोण घेऊन उभे होते, तिथे सावरगावकडचा एक वाट चुकलेला गोटा येऊन नडगीवर बसला. भजी सांडली नाहीत, हे त्यांनीच अभिमानानं सांगितलं. अंगात साखर असलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाला ह्याचं काय कौतुक, असं तू म्हणशील. पण ह्यांच्या थोरल्या भावाच्या कपाळावर गोटमारीची खूण आहे, सासऱ्यांच्या खांद्यावर होती, आणि ह्यांचं अंग जन्मापासून कोरं. त्यामुळे मी रडत होते आणि हे मिशीत हसत होते.

डॉक्टरांनी जखम धुतली, साखर पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, चिघळली तर नागपूरला न्यावं लागेल, मग पाय वाचेलच असं नाही. तेव्हाच मी तुला तार केली आणि तू बसच्या कंडक्टरजवळ डबा पाठवलास. कोरफडीचा गर आणि इसबगोल ह्यांच्या, तू कॉलेजात बनवतोस त्या थंडगार, लिबलिबित, आरपार दिसणाऱ्या पट्ट्या. सोबत तुझी चिठ्ठी: जखम ओलसर ठेवायची, झाकून ठेवायची, सारखी उघडायची नाही. बाबा रे, हे तू नागपुरात बसून लिहिलंस. आमच्या घरात चार दिवस राहून लिहायला हवं होतं.

सासूबाईंच्या मते जखम पापडासारखी वाळली पाहिजे. त्यांनी देवीचा अंगारा आणून लावला, तो पट्टीच्या वरच राहिला, म्हणून देवीचंही झालं आणि तुझंही. आता आमच्याकडे फ्रीज नाही, म्हणून मी डबा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला होता. नणंदेचे यजमान मोतीरामजी सौंसरहून जखम पाहायला आले तेव्हा मी विहिरीवर होते. सासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही, त्यांना वाटलं, नागपूरची काही नवी मिठाई असेल. त्यांनी वरून साखर भुरभुरून चार पट्ट्या वाढल्या. मोतीरामजींनी निमूट खाल्ल्या (जावई माणूस, सासूनं वाढलेलं टाकणार कसं). कोरफड आणि इसबगोल एकत्र पोटात गेल्यावर काय होतं ते तुला मी शिकवायला नको. सौंसरच्या बस एकामागून एक निघून गेल्या आणि मोतीरामजी लोटा घेऊन आमच्या परसातच.

हेही सोसलं असतं. पण तुझे भाऊजी! गोटमारीची जखम पाहायला माणसं येतात, चहा पिऊन जातात. पट्टी आरपार, तेव्हा उघडायची पाळी येणार नाही असं मला वाटलं होतं. पण ह्यांचं समाधान होईना. पाहुणा आला की पट्टी सोलायची, दाखवायची, पुन्हा चिकटवायची. आणि गोष्ट रोज नदीकडे सरकते. आधी भज्यांची गाडी होती, मग काठ आला, मग घोटाभर पाणी, आणि काल शेजारच्या लीलाबाईसमोर ह्यांनी नदीच्या मधोमध रोवलेल्या, दोन्ही गावं ज्यासाठी झुंजतात त्या पळसाच्या झेंड्याला हात लावला. मी चहा घेऊन ऐकत उभी होते.

शेवटी विचारलं, तुम्हाला पाय नको आहे का. तर म्हणाले, "अवं, दिलीपबाबूनं लिहिलं ना, ह्या पट्टीनं डाग राहत नाही म्हणून. मंग लोकायले दाखवू काय मी? म्हणूनच उघडून राहिलो."

आपल्या बाबांचा पाय कसा गेला ते आपण दोघांनी पाहिलं. त्यानंतरच तू हे पट्ट्यांचं मनावर घेतलंस, हेही मला माहीत आहे. आणि ह्या माणसाला डाग हवा आहे! यापुढे तुझ्या पट्ट्या पाठवू नको. ज्या घरात त्या खातात आणि सोलतात तिथे पाठवून काय उपयोग.

मालतीला आशीर्वाद, लेकरांना पापा.

तुझी,
फुलाताई

ता. क. मोतीरामजींची पोटाची जुनी तक्रार मिटली म्हणे. ते आणखी डबाभर मागून राहिले. त्यांना देऊ नको.

ता. क. वर रागात लिहिलं ते सोड. पट्ट्या पाठव, लवकर पाठव. आज बदलताना मी वाकून पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. बाबांच्या पायाला यायचा तो वास नाही. कडेनं गुलाबी कातडी धरली आहे. मला फार भीती वाटते रे.

ता. क. पट्ट्यांसोबत भाऊजींच्या नावानं वेगळी चिठ्ठी टाक, कॉलेजचं नाव छापलेल्या कागदावर. लिही की नव्या शोधाप्रमाणे सारख्या उघडलेल्या जखमेचा डाग उडून जातो, झाकून ठेवली तरच तो पक्का, ठसठशीत, जन्मभराचा बसतो. खोटं आहे ते मला कळतं. दिवाळीपर्यंत नडगी कोरी निघाली की माझ्यावर ओरडतील. ओरडू दे, दोन्ही पायांवर उभे राहून ओरडू दे.