मंगळवारचं हसू

व्हॅन नाइज, लॉस एंजेलिस
२४ मे १९६२

ती. आल्माताईस,
इंगाचा सा. न. आणि एक घट्ट मिठी, वि. वि.

बक्षीस मिळालं गं बाई! तू टीव्हीवर पाहिलंच असशील, पण मी सांगितल्याशिवाय तुला खरं वाटायचं नाही. सहायक अभिनेत्री म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, याच नावाची आणखी कुणी बया बसलीय की काय म्हणून. इतकी वर्षं मालिकेत मिसेस टर्नबुल व्हायचं, वाटी घेऊन शेजारच्या ओ'डेलांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, साखर मागायची, दोन वाक्यं टोचून बोलायची आणि हशा मिळाला की बाहेर. एवढ्यावर सोन्याची बाहुली देतात! आईला सारखी काळजी असायची की ही साखर मागायची नोकरी कुठवर पुरणार. बघायला हवी होती ती.

समारंभ संपला तशी मिस लँग, म्हणजे आमची नायिका, नवऱ्याच्या गाडीतून गेली. माझा एजंट दुसऱ्या टेबलावरच्या कुणा पोरीला सोडायला गेला. मी टॅक्सीत, मांडीवर बाहुली. घरी येऊन ती फ्रिजवर ठेवली. दाखवायला कुणीच नव्हतं. मग अंड्याचं सँडविच केलं, उभ्यानंच खाल्लं आणि थोडी रडले. का ते विचारू नकोस.

आई जाऊन दुसरा हिवाळा सरला. तिकडे त्या घरात तू एकटी, इकडे मी एकटी. हा काय शहाणपणा? माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे, खिडकीशी लिंबाचं झाड आहे. घराला कुलूप लाव आणि ये कायमची. भांडायला तरी कुणी हवं की नको?

लोभ आहेच, तो आता गाडीत बसवून इकडे पाठव.
तुझी धाकटी,
इंगा


मेपल फोर्क, नेब्रास्का
३ जून १९६२

चि. इंगा हिस,
अ. उ. आ. आणि आधी डोळे पूस.

पाहिलं, सगळं पाहिलं. चर्चमधल्या बायका माझ्याकडेच जमल्या होत्या. वेलदोड्याचा पाव केला होता. तुझं नाव आल्याबरोबर मिसेस ऑकरलुंडनं अशी टाळी हाणली की तिची कॉफी माझ्या गालिच्यावर. भाषणात तू दिग्दर्शकाचं नाव घेतलंस, केस विंचरणारीचंही घेतलंस, माझं नाही घेतलंस. असू दे. केस खरंच छान विंचरले होते.

मग सगळ्या आपापल्या घरी गेल्या. मी कपबश्या विसळल्या. हल्ली उजेड संपता संपत नाही आणि दिवसभर बोलायला कुणी नसतं. कधी कधी सकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडते आणि घसाच खरखरतो, इतका तो बंद राहिलेला असतो. हे तुला लिहिणार नव्हते.

पण मी येणार नाही. कारण सांगते, हसलीस तर याद राख. तुझ्या मालिकेत आई हसते.

आई आणि मी तुझं चित्रीकरण बघायला आलो होतो, प्रेक्षकांत बसलो होतो, आठवतं ना? त्या वेळचं तिचं हसणं त्यांनी पकडून ठेवलंय. दर मंगळवारी तू वाटी घेऊन दारातून बाहेर गेलीस की लोक हसतात, आणि त्या सगळ्यांच्या वर एक हसू चढत चढत जातं आणि शिंक आल्यासारखं मध्येच तुटतं. आपल्या घरच्या बायकांखेरीज असं कोण हसतं गं? मी तिची खुर्ची टीव्हीसमोर ठेवते. या खोलीत आई अजून हसते, इंगे. तिला टाकून तुझ्या लिंबाखाली येऊन काय करू? टीव्ही तिकडेही आहे म्हणशील. पण तिकडे ती पाहुणी होती, घर तिचं हे.

तब्येतीला जप, उभ्यानं जेवू नकोस. लोभ कमी झालेला नाही, हट्ट तेवढा वाढलाय.
तुझी,
आल्मा


व्हॅन नाइज
१९ जून १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भाषणात तुझं नाव राहिलं, त्याबद्दल कान पकडून उभी आहे.

हसले नाही, शपथ. पण ऐक. आमच्याकडे एक हशावाला आहे, मिस्टर प्रुइट. समोरचे प्रेक्षक जिथे कमी हसले तिथे हा नंतर आपल्या चाकांच्या पेटीतून साठवलेला हशा भरतो. पेटीला टाइपरायटरसारखी बटणं आहेत म्हणे. म्हणे, कारण तो कुणाला बघू देत नाही, सगळ्यांकडे पाठ करून बसतो. त्या पेटीत कुणाकुणाची हसणी असतील देव जाणे. आईचं असेलही. मी काही ऐकलेलं नाही, कारण मी स्वतःला टीव्हीवर बघतच नाही. बघितलं की मला जेवण जात नाही.

आणि आता दुसरी बातमी. मालिका बंद झाली. मिस लँगला सिनेमा मिळाला. नायिकाच गेली तर शेजारणीनं कुणाच्या दारात वाटी न्यायची? उन्हाळाभर जुनेच भाग पुन्हा दाखवतील, सप्टेंबरात आमच्या जागी घोडेस्वारांची मालिका येईल. एजंटाचं म्हणणं असं की बक्षिसानं उलट पंचाईतच केली. जो तो मला मिसेस टर्नबुल म्हणूनच ओळखतो, दुसरं काम कोण देणार? सकाळी उठून संवाद पाठ करायची सवय मोडत नाही. हल्ली दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचते.

ये ना गं ताई. सप्टेंबरनंतर तुझ्या त्या खोलीत आईसुद्धा असणार नाही.

बोलले जास्त, लोभ त्याहून जास्त आहे.
तुझी,
इंगा


मेपल फोर्क
२७ जून १९६२

चि. इंगा हिस,
आशीर्वाद. या वेळी थोडे रागातले.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र ड्रॉवरमध्ये कोंबलं. आज पुन्हा काढलं. वाक्य खरं आहे, म्हणूनच झोंबलं.

एकच काम कर. त्या मिस्टर प्रुइटला जाऊन भेट. बक्षीसवाली आहेस, नाही म्हणणार नाही तो. आईचं तेवढं हसू एका फितीवर उतरवून माग. शाळेत फीत वाजवायचं यंत्र आहे, ते मुख्याध्यापक मला खुशीनं वापरू देतील. फीत आली की मी इथे सुखानं राहीन आणि तू मला ये म्हणणं सोडून दे. मला बाकी काही नको.

काम मिळेल गं तुला, धीर सोडू नकोस. माया आहे तिथेच आहे.
आल्मा


व्हॅन नाइज
१२ जुलै १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र खुर्चीत बसून वाच.

प्रुइटकडे गेले. खरं सांगते, पाय निघत नव्हता. फीत मिळाली की तू कायमची तिकडेच, हे का मला कळत नव्हतं? तरी गेले. माझ्या बाहेर जाण्यावरचं ते चढत जाणारं हसू म्हटल्याबरोबर त्यानं ओळखलं. त्या बटणाला त्यानं नेब्रास्काची बाई असं नाव दिलंय. चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना गंमत म्हणून गाव विचारतात, तेव्हाचं त्याच्या लक्षात राहिलेलं. मला म्हणाला की तुमच्यावर इतकं मनापासून दुसरं कुणी हसलंच नाही, म्हणून दर वेळी तेच दाबायचो. मला तिथेच भरून आलं.

मग त्यानं त्या दिवसाची मूळ फीत लावली, न कापलेली. हसू वर चढलं, शिंकेशी येऊन तुटलं. आणि लगेच पुढे, अगदी जवळून, एक म्हातारा आवाज दटावतो की आल्मे, पुरे, तोंडावर हात धर, लोक बघतायत.

तो आवाज आईचा आहे. हसणं तुझं आहे, ताई.

प्रुइट दर वेळी दटावणीच्या आधी कापत आला. आई त्या दिवशी हसलीच नव्हती गं. तिला ऐकू कमी यायचं, माझ्या वाक्यांतलं निम्मं तिच्यापर्यंत पोचलंही नसेल. हसत होतीस ती तू. फोनवर लोक तुम्हा दोघींत गल्लत करायचे, आठवतं? तशीच तूही केलीस. दर मंगळवारी आईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तू स्वतःलाच ऐकत होतीस.

फीत माझ्याकडे आहे. पाकिटात घातली, पत्ता लिहिला आणि पुन्हा बाहेर काढली. तू पाठव म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी टपालात टाकीन, तुझा हक्कच आहे. पण मी ती एकटीनं ऐकली आणि नंतर रस्त्यात मला काही दिसेना. तू तिकडे एकटीनं ऐकावीस हे मला सोसत नाही. म्हणून आधी विचारते. इकडे येऊन ऐकशील का?

लोभाचं काय लिहू? वाट बघते आहे.
तुझी,
इंगा


मेपल फोर्क
२१ जुलै १९६२

चि. इंगा हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि दिवसभर तुझा राग राग केला. आईचं हसू तूच चोरलंस असं वाटलं.

मंगळवारी खुर्ची नेहमीसारखी ठेवली. जुना भाग होता, तुझ्या हातून वाटी फुटते तो. तू बाहेर गेलीस, ते हसू आलं, शिंकेशी तुटलं. आणि या वेळी पुढचं सगळं आठवलं. आईनं माझं कोपर दाबलं होतं, स्वतःचा रुमाल माझ्या हातात कोंबला होता. एवढी मोठी घोडी मी, आणि शाळकरी पोरीसारखी गप्प झाले होते.

टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि हसून बघितलं. जमेना. घसा खाकरला, मिसेस टर्नबुलची वाक्यं स्वतःशीच म्हणून पाहिली. शेवटी जो आवाज निघाला त्यानं मीच दचकले. आईनं मला गप्प केलं, आणि ती गेल्यावरही मी गप्पच बसले आहे, इंगे. मला वाटत होतं की या घरात आई हसते. या घरात कुणीच हसत नाही.

घर मिसेस ऑकरलुंडच्या भाचीला भाड्यानं देते आहे. खुर्ची आणत नाही. वेलदोडे आणते, तिकडे धड मिळत नसतील. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी पोचेल, स्टेशनवर ये. फीत लगेच लावू नकोस, आईचं दटावणं सावकाश ऐकू. आधी तू ती वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत ये आणि मला हसवून दाखव. ती बाहुली काही तुला उगाच दिली नसेल.

लोभ असू दे, आणि मी मोठ्यानं हसले तर मला गप्प करू नकोस.
तुझी,
आल्माताई