होडी कुणी बांधली

प्रिय रेइनो,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, मला माहीत नाही. तरी लिहितेय.

आपल्या वाचनालयाची वेबसाइट आधी नुसती वाचता यायची. यंदापासून तिथे कुणीही फोटो टाकावा, खाली कुणीही लिहावं. मी तुझा होडीजवळचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'माझा भाऊ. ही होडी त्यानं स्वतः बांधली. १९६९ साली तो नदीत बुडाला, रिकामी होडी तेवढी सापडली.'

आज ग्रंथपाल हेल्मी फोनवर हसत म्हणाली, "एइला, कुणीतरी तुला खोटं पाडलंय बघ!"

मी वाचलं. 'होडी एइलानं बांधली. मी नुसता रंग दिला. बाबांना कळलं असतं तर तिला झोडपलं असतं.' नाव नव्हतं. पण हे आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, रेइनो!

सदतीस वर्षं मी समजत होते, माझ्या होडीनं तुला बुडवलं. युद्धासाठी आलेलं लष्कराचं बोलावणं चुकवून तू नदीपलीकडे कॅनडात उतरला असशील, हे एकदाही सुचलं नाही.

आईला वाचून दाखवलं. अठ्ठ्याऐंशीची आहे ती. चष्मा लावून तिनं ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे होडी तू बांधलीस? अगं, मला तरी सांगायचंस!" आणि माझे हात धरून रडायला लागली.

तुझ्या ओळीखाली मी सगळ्या गावासमोर उत्तर लिहिलंय: 'आई वाट बघतेय. आणि खरं सांग, होडी गळत नव्हती ना?'

तुझीच,
एइला