ब्रिस्केटचा रुसवा

७ सप्टेंबर, शनिवार
नेडीनने डॅलसहून पार्सल पाठवलं. बिनतारी थर्मामीटर. बोटाएवढी सळई. मांसात खुपसायची आणि आत किती तापलं ते फोनवर बघायचं. नव्वद डॉलर! लेकीला फोन करून झापलं. म्हटलं, तुझ्या डॅडींना मांस बोटाने दाबलं की कळतं, हे खेळणं कशाला? तर म्हणते, "डॅडींसाठी नाहीये मम्मा, तुझ्यासाठी आहे." मला कशाला? मी भट्टीपाशी जातसुद्धा नाही. पोरांना पैसे उडवायला निमित्त हवं.

१४ सप्टेंबर
महिन्याने चर्चचं होमकमिंग. गाव सोडून गेलेले झाडून सगळे त्या रविवारी येतात, आणि येतात ते माझ्या हॉलिसच्या ब्रिस्केटसाठी, धुरावर तासन्तास शिजवलेल्या बीफसाठी. आमचं लग्न झाल्यापासून चर्चमागची भट्टी त्याची. म्हणून आज घरी रंगीत तालीम. तो लाकडं आणायला वळला तेवढ्यात सळई खुपसून दिली. त्याला कळलं तर अपमान वाटायचा.
पहिलं मत: मशीन भिकार. एकशेसाठ फॅरनहाइटपर्यंत नीट चढलं, मग अडलं. ते ठीक. तिथे मांस रुसतंच. तास तास हलत नाही. घाबरायचं नाही, झाकण उघडायचं नाही, बसून राहायचं. पण नंतर आकडा उतरायलाच लागला. खिडकीतून पाहिलं, हॉलिस खुर्चीत बसून भजन गुणगुणत होता आणि विस्तव विझलेला. विचारलं, लाकडं का नाही घातलीस? म्हणाला, "लाकडं? कसली लाकडं?" थट्टेखोर माणूस!
लाकडं ओलीच असणार. लाकूडवाल्याला बोललं पाहिजे.

२१ सप्टेंबर
आज मशीन उलटं बिघडलं. आकडा भराभर वर. हॉलिसने एकदा लाकडं घातली, मग पुन्हा, मग पुन्हा. वारा पडला होता म्हणून असेल. करपलेलं खरवडून उरलेलं घेवड्याच्या दाण्यांत शिजवलं. मंगळवारपर्यंत पुरेल. देवाच्या कृपेने काही वाया गेलं नाही.
ठरवलं: यापुढे मधूनमधून लिंबूसरबत घेऊन जायचं आणि सहज म्हणायचं, विस्तव जरा मंद वाटतो, नाही?

२२ सप्टेंबर, रविवार
उपासनेनंतर युनेटाने गाठलं. "व्हर्लीन, यंदा माझ्या डेक्स्टरला भट्टी बघू दे की. हॉलिस खुर्चीत बसून हुकूम सोडेल." म्हटलं, "तुझ्या डेक्स्टरने ईस्टरला कोंबडी केली होती ना? मला वाटलं कोळसे वाढतोय." बाकीच्या हसल्या. युनेटा हसली नाही. माझा हात धरून उभी राहिली. मी सोडवून घेतला. लहानपणापासूनची मैत्रीण, पण पोराला पुढे करायची हाव काही सुटत नाही.
घरी येऊन तिच्यासाठी प्रार्थना केली.

५ ऑक्टोबर
सरबताच्या बऱ्याच खेपा झाल्या. दोनशेतीनवर उतरवलं. लोण्यासारखं! ज्यांना काही शंका असतील त्यांनी येऊन खावं.
ग्लास घेताना मला म्हणाला, "थँक यू, मॅडम. तुम्ही इथल्याच का?" इतक्या वर्षांनी लाडात आलाय. इतकी हसले! नेडीनला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली. नोकरीचा ताण, दुसरं काय.

१३ ऑक्टोबर, रविवार
पहाटे चर्चमागच्या भट्टीत त्याने स्वतः विस्तव केला, मी पाहिला. मांस ठेवलं. मी गुपचूप सळई खुपसली आणि पाहुण्यांच्या गडबडीत अडकले. सरबत घेऊन जायला जमलंच नाही.
फोन बायबलमध्ये ठेवला होता. पंच्याण्णव. दुपारच्या उपासनेलाही पंच्याण्णव. युनेटाने वाकून पाहिलं. "अगं, एवढा तर माझा तळहात गरम असतो."
"रुसलंय. बसून राहायचं."
"रुसवा एकशेसाठला येतो, व्हर्लीन."
"यंदा लवकर आलाय."
"आणि धूर कुठाय?"
चांगल्या विस्तवाला धूर दिसत नाही, हे मी तिला समजावलं. पास्टरांचं प्रवचन लांबलं. मी आकड्याकडे बघत होते. जरासुद्धा हलत नव्हता. मनात म्हटलं, आहे का कुणाचा विस्तवावर असा हात?
मग कागदी ताटल्या घेऊन सगळे मागे गेलो. भट्टीचं झाकण उघडं. राख गार. मांस कच्चं, त्यावर माश्या. हॉलिस खुर्चीत, उजवी मूठ छातीशी घट्ट. मी बोटं सोडवली. आत सळई.
म्हणाला, "कुणाचं तरी मांसात राहिलं होतं. हरवेल म्हणून धरून बसलोय."
डेक्स्टर गाडी काढून गेला आणि तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन आला. त्याने पहिली ताटली हॉलिसला दिली. हॉलिसने आवडीने खाल्लं.

१४ ऑक्टोबर
सकाळी युनेटाकडे जाऊन चर्चच्या भट्टीची किल्ली दिली. नेडीनला ये म्हणून कळवलं.
दुपारी हॉलिसने विचारलं, होमकमिंग कधी आहे? म्हटलं, झालं की काल. तुझं ब्रिस्केट लोकांनी मागून मागून खाल्लं. खूश झाला. मग थोड्या वेळाने घाबराघुबरा होऊन म्हणाला, "आणि माझ्या बायकोला? तिला उरलं होतं ना?"
म्हटलं, उरलं होतं. पोटभर जेवली ती.